तेल सुटू द्यायचं नाही: पास्ता उकडण्यापासून सॉसशी जुळवण्यापर्यंत

आमच्या गोव्यातल्या स्वयंपाकघरात वाटण परतून झालं की नाही, हे ओळखायची खूण एकच. कडेने तेल सुटलं की झालं. आई हेच सांगते, शेजारची काकीही हेच सांगते, आणि शाकुती असो की उसळ, त्यांचं चुकत नाही. पास्त्याला मात्र हा नियम उलटा लागतो. ताटलीच्या तळाशी तांबूस तेलाचं तळं, वर सुका पडलेला टोमॅटो आणि मधे पांढरट उघडा पास्ता दिसला, तर समजायचं की शेवटची दोन मिनिटं चुकली. तेल सुटलं, म्हणजे बिघडलं.

ही चूक आपल्या हातून होते त्याला कारण आहे. आपण शिरवाळे खाऊन मोठे झालो. तांदळाच्या गरम उकडीचे गोळे साच्यात दाबायचे, शेवया केळीच्या पानावर उतरवायच्या आणि वाटीत त्यांच्यावर नारळाचा गुळाळ रस ओतायचा. शेवया वेगळ्या शिजल्या, रस वेगळा झाला, दोघांची भेट थेट वाटीत. पास्ता दिसायला शेवयांचाच भाऊबंद, म्हणून तोही तसाच वाढायचा मोह होतो. उकडलेल्या मॅकरोनीवर टोमॅटोची आमटी ओतून मी कितीतरी वर्षं 'पास्ता' म्हणून खाल्ली. पास्ता आणि सॉस यांची गाठ ताटात पडून भागत नाही. ती कढईत, आचेवर पडावी लागते, आणि पुढे जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं त्या दोन मिनिटांच्या तयारीसाठी आहे.

सगळी मापं चार माणसांसाठी, ३२० ग्रॅम सुक्या पास्त्याची. माणशी ८० ग्रॅम. संध्याकाळच्या चहाबरोबर खायचा असेल तर ५०-६० पुरे.

पाकिटाची मागची बाजू

समोरचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' असं लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे कठीण दाण्याचा गहू, आपल्याकडे बन्सी म्हणतात तो त्याच जातीचा. त्याचा रवा पिवळसर आणि खरखरीत असतो, त्यातलं ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, घट्ट जाळं धरतं, म्हणून दहा मिनिटं खळखळत्या पाण्यात राहूनही पास्त्याचा आकार मोडत नाही. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करायचं बंधन घातलं. आपल्या बाजारात साध्या रव्याची किंवा मैदा मिसळलेली मॅकरोनीही मिळते आणि स्वस्त मिळते. ती सातव्या मिनिटाला कच्ची असते आणि नवव्या मिनिटाला लापशी. मधलं आठवं मिनिट पकडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. १०० ग्रॅममागे प्रथिनं १२ ग्रॅम किंवा जास्त लिहिली असतील तर पाकीट बिनधास्त घ्या.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते. काही पास्ता पिवळाधमक आणि चकचकीत असतो, काही फिकट, पीठ भुरभुरल्यासारखा खडबडीत. पहिला टेफ्लॉनच्या साच्यातून निघालेला, दुसरा ब्राँझच्या. खडबडीत पास्ता पाण्यात जास्त पीठ सोडतो आणि सॉसही जास्त धरतो. तो महाग असतो, रोजच्यासाठी लागतोच असं नाही. चकचकीत पास्त्यानेही काम होतं, शेवटची दोन मिनिटं थोडी जास्त मेहनत घ्यावी लागते इतकंच.

आकाराबद्दल फार डोकं खाजवू नका. लांब आणि बारीक, म्हणजे स्पॅगेटी, तेलाच्या आणि पातळ सॉसला. नळीदार किंवा पिळाचा, म्हणजे पेने आणि फुसिली, तुकडे असलेल्या आणि दाट सॉसला. पेने घ्यायचे तर बाहेरून उभ्या रेघा असलेले घ्या. एकदा उघडलेलं पाकीट मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं पाहिजे. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात पूर्वी डोंगरवाऱ्यावर पास्ता वाळवत असत. आपल्याकडे जुलैत पापडसुद्धा मऊ पडतो आणि पोरकिड्यांना पास्ता रव्याइतकाच आवडतो.

पाणी आणि मीठ

जुना हिशेब १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी असा आहे. घरच्या गॅसवर इतकं पाणी उकळायला वीस मिनिटं जातात, आणि त्याची गरजही नसते. ३२० ग्रॅमला अडीच लिटर पुरतं. पाणी थोडं कमी असल्याचा फायदा असा की तेवढंच पीठ कमी पाण्यात उतरतं आणि पाणी जास्त दाट होतं. ते आपल्याला पुढे हवंच आहे. स्पॅगेटीला मात्र ती बुडेल असं उंच भांडं घ्या. तीही पहिल्या मिनिटात वाकून आत जाते, मोडू नका. लहान मुलांसाठी मोडलीत तर कोणी पोलिसात जाणार नाही.

मिठाबद्दल एक वाक्य जगभर फिरतं, की पाणी समुद्रासारखं खारट हवं. हे सांगणाऱ्याने मिरामारला कधी लाट तोंडात घेतलेली नसावी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यात उकडलेला पास्ता घशाखाली उतरणार नाही. लिटरला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे अडीच लिटरला बारीक मिठाचे साडेतीन-चार सपाट छोटे चमचे. चमच्याचं हे माप फक्त बारीक मिठाचं. आगरवाडा किंवा रायबंदरच्या आगरातलं जाडं मीठ वापरत असाल तर वजन करा, कारण जाड खड्यांच्या चमच्यात पोकळी जास्त राहते. पावसात ओलावलेलं असेल तर तेही ध्यानात घ्या. सॉस मुळातच खारट असेल (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, भरपूर चीज) तर मीठ लिटरला ५-६ ग्रॅमवर आणा, कारण हेच पाणी पुढे सॉसमध्ये जाऊन आटणार आहे.

मीठ पाणी उकळल्यावर घालायचं. आधी घातल्याने पाणी उशिरा उकळतं ही समजूत खोटी. एवढ्या मिठाने उकळबिंदू ०.२ अंशानेही वाढत नाही. पण थंड पाण्यात खडे तळाशी बसून राहिले की स्टीलच्या भांड्याला बारीक खड्डे पडतात. भांडं तुमचं आहे.

तेल पाण्यात घालू नका. पास्ता एकमेकांना चिकटू नये म्हणून आपल्याकडे घरोघरी चमचाभर तेल पडतं. ते वर तरंगतं, खाली पास्ता हवा तसा चिकटत राहतो, आणि गाळताना तेच तेल पास्त्यावर बसतं, मग सॉस त्यावरून घसरतो. चिकटणं थांबवतं ते ढवळणं, तेही पहिल्या दोन मिनिटांतलं. तेव्हा वरचं पीठ ओलं आणि गोंदासारखं असतं. पास्ता टाकला की लगेच तळापासून ढवळा, झाकण ठेवून उकळी परत आणा, झाकण काढून पुन्हा ढवळा. त्यानंतर अधूनमधून एखादा हात फिरवला तरी चालतं.

शितावरून परीक्षा

पाकिटावर ११ मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटापासून एकेक तुकडा काढून चावा. भाताचं शीत दाबून बघतो तसंच, पण इथे चावून आतलं बघायचं. मधोमध पांढरा ठिपका दिसतो, तो अजून न शिजलेला रवा. ठिपका मोठा असेल तर थांबा. टाचणीच्या डोक्याएवढा उरला, पण दाताला अजून टणक लागतो, की पास्ता पाण्यातून काढायची वेळ झाली. पाकिटावरच्या वेळेच्या साधारण दोन मिनिटं आधी. उरलेला तो कढईत, सॉस पीत पीत शिजतो. इटालियन लोक 'अल देंते' (दाताला किंचित लागणारा) म्हणतात ते ताटात पोचल्यावरचं, पाण्यातून काढतानाचं नव्हे. पाण्यातच पूर्ण शिजवला तर कढईत तो मऊ पडणार, मग मऊ पडू नये म्हणून तुम्ही ढवळणार नाही, मग सॉस जुळणार नाही. सगळ्या चुका इथून सुरू होतात.

घरात कवळी लावणारं कोणी असेल तर मिनिटभर जास्त ठेवा. माझ्या आईला दाताला लागणारा पास्ता कच्चा वाटतो आणि तिला तो तसा वाढण्याची माझी हिंमत नाही.

पास्ता काढायच्या आधी पाण्यात मोठा पेला बुडवून निदान दोन कप पाणी बाजूला ठेवा. हे विसरायला होतं. रोवळी सिंकमध्ये ठेवली, भांडं उपडं केलं, वाफेचा लोट गेला आणि मग आठवण झाली, असं माझं इतक्यांदा झालं की मी आता तो पेलाच रोवळीत ठेवून देतो. त्याहून सोपं म्हणजे रोवळी वापरायचीच नाही. लांब पास्ता चिमट्याने, छोटा झाऱ्याने, थेट सॉसच्या कढईत. गार पाण्याखाली धुवायचं तर नावच नको. जे पीठ आपल्याला हवं आहे ते मोरीत जातं. थंड सॅलड करायचं असेल तेव्हाच धुवा.

कढईतली दोन मिनिटं

या गढूळ पाण्यात आहे काय? पेजेवरच्या पाण्यात असतं तेच: शिजून फुगलेलं, फुटलेलं पीठ. तेल आणि पाणी ढवळलं तर क्षणभर एक होतात आणि पुन्हा वेगळे होतात. त्यात हे पीठ असेल तर पाणी दाट होतं, तेलाचे बारीक थेंब एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत आणि तळं होत नाही. कढीला आपण बेसन लावतो ते का? ताक फुटू नये म्हणून. पास्त्याचं पाणी सॉसमध्ये तेच काम करतं. आपल्या स्वयंपाकात ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त पास्ता करताना आपण ती मोरीत ओतून देतो.

मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते हरमलला, एका लहानशा खाणावळीच्या मागच्या दारात उभं राहून. आतल्या इटालियन बाईंनी पास्ता गाळलाच नाही. मी काहीतरी विचारायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि कढईकडे कान करायला सांगितलं. आधी तडतड, पातळ पाण्याची. मग आवाज बसत गेला, जड झाला, पिठलं रटरटतं तसा. तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. घड्याळाकडे त्या एकदाही बघितल्या नाहीत.

क्रम असा. सॉस आधी तयार हवा आणि कढई पास्त्यासकट अर्ध्याहून जास्त भरणार नाही इतकी मोठी. आपली पसरट कढई या कामाला फार सोयीची, उतरत्या कडांमुळे ढवळताना बाहेर सांडत नाही. स्टीलची जाड बुडाची घ्या. लोखंडीत टोमॅटो काळवंडतो आणि लोखंडाची चव उतरते. सॉस मध्यम आचेवर गरम असताना त्यात पास्ता टाका, लगेच एक डाव पाणी घाला, आच मोठी करा. आता न थांबता हलवायचं. दोन चमच्यांनी खालून वर उचलायचं, मधेच कढई पुढेमागे झटकायची. पाणी आटून तडतड वाढली आणि पास्ता अजून टणक असला तर अर्धा डाव आणखी. दीड-दोन मिनिटांत बुडबुडे मोठे आणि विरळ होते ते लहान आणि दाट होतात, आवाज बसतो. चमचा तळावरून ओढा: मागे पडलेली वाट लगेच बुजली तर अजून पातळ आहे, हळूहळू बुजली तर झालं, बुजलीच नाही तर पाणी घाला.

मग गॅस बंद. अर्धं मिनिट थांबा. शेवटचं तेल, बटर किंवा चीज यानंतर, आणि पुन्हा जोरात हलवणं. कढईत सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसला पाहिजे, कारण ताटात पोचल्यावरही पास्ता पाणी पीतच राहतो. त्यात आपल्याकडे डोक्यावर पंखा गरगरत असतो. दोन मिनिटांत ताट गार आणि सॉस घट्ट. मी ताटल्यांत उरलेलं गरम पाणी ओतून ठेवतो, वाढताना ते फेकून पुसून घेतो, आणि पहिले चार घास होईपर्यंत पंखा बंद ठेवायला सांगतो. शिव्या खातो, पण ठेवतात.

बिघडलं तर? तेल सुटलं असेल तर आचेवरून उतरवा, दोन चमचे गरम पाणी घाला आणि जोर लावून ढवळा, बहुतेक वेळा पुन्हा जुळतं. पाणचट राहिलं असेल तर मोठ्या आचेवर अर्धं मिनिट. खारट झालं असेल तर साध्या गरम पाण्याने सैल करा, पास्त्याच्या पाण्याने नव्हे.

सॉसचं प्रमाणही सांभाळा. हुमणात (माशाच्या आमटीत) भात बुडवायची आपली सवय पास्त्याला लावू नका. ३२० ग्रॅम पास्त्याला दाट सॉस साधारण ४५० ते ५०० ग्रॅम. खाऊन झाल्यावर ताटलीत पावाच्या तुकड्याने पुसण्याइतकाच उरला पाहिजे. तो तुकडा पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोळीचा, म्हणजे गोव्याच्या गोल पावाचा, असेल तर उत्तमच.

हात बसवण्यासाठी लसूण-तेल

शिकायचं असेल तर टोमॅटोपासून सुरुवात करू नका, कारण टोमॅटोच्या दाटपणात चुका लपतात. लसूण-तेलाची स्पॅगेटी करा. तिच्यात लपायला जागा नाही.

गावठी लसणाच्या बारा-चौदा पाकळ्या पातळ चकत्या करून, पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दोन-तीन सुक्या मिरच्या बिया काढून मोडलेल्या. काणकोण तालुक्यातल्या खोला गावची मिरची, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथे छान लागते: रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. लसूण थंड तेलातच घालून मग मंद आच लावा. फोडणीसारखं तापलेल्या तेलात टाकलात तर कडा करपतील आणि आत कच्चा राहील. लसूण पेंढ्याच्या रंगाचा झाला की मिरची, आणि लगेच अर्धा डाव पास्त्याचं पाणी घालून तो थांबवा. करपलेला लसूण कडू लागतो आणि त्याला उतारा नाही, फेकून पुन्हा करा. मग स्पॅगेटी, पाणी, दोन मिनिटं. नीट जमलं तर तेल दिसणारच नाही, प्रत्येक धागा दुधट लेपाने चमकेल. पहिल्या खेपेला तळं होईल. तिसऱ्या खेपेला होणार नाही.

टोमॅटो

संकरित टोमॅटो टणक आणि पाणचट असतात, म्हणून वेळ द्यावा लागतो. किलोभर पूर्ण लाल टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा, साल हातात राहते. चार चमचे तेल, पाच-सहा पाकळ्या लसूण, मग कीस आणि मीठ. पसरट भांड्यात मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं, अर्धं होईपर्यंत. इथे तेल कडेला सुटू लागेल आणि ते सुटू द्या. आंबटपणा बसल्याची ती खूण आहे, इथे आई बरोबर आहे. ते पुन्हा जुळवायचं काम नंतर पास्त्याचं पाणी करेल. फार आंबट असेल तर चिमूटभर साखर. कांदा, आलं, गरम मसाला घातलात तर चविष्ट काहीतरी होईल, पण मग त्याबरोबर चपाती करा.

तुळशीबद्दल एक. वृंदावनातली तुळस कढईत घालायला कोणी धजणार नाही, आणि घातली तरी तिचा वास लवंगेकडे झुकतो. इटालियन बेझिल ही सब्जाची बहीण, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो. कुंडीत सहज येते. पानं गॅस बंद केल्यावर हाताने फाडून घालायची.

तिसऱ्या

नेपल्सची शिंपल्यांची स्पॅगेटी जगप्रसिद्ध आहे, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिसऱ्यांच्या वाट्यांसमोर उभं राहिलं की मला पहिल्यांदा तीच आठवते. आपल्याकडचा हा माल इतका ताजा की वेगळं काही करावं लागत नाही. करावं लागतं ते एवढंच, की आपल्या दोन सवयी आवरायच्या.

पहिली सवय म्हणजे विळीवर चिरून एक शिंपली टाकून देण्याची. इथे तिसऱ्या मिटलेल्याच हव्यात. किलोभर तिसऱ्या चोळून धुवा आणि लिटरला ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात, अंधाऱ्या जागी तास-दोन तास ठेवा, म्हणजे आतली वाळू त्या स्वतः सोडतात. गोड्या पाण्यात ठेवू नका, त्या मरतात. फुटलेल्या आणि टकटक केल्यावरही न मिटणाऱ्या काढून टाका. कढईत तेल आणि लसूण, मग तिसऱ्या, घट्ट झाकण, मोठी आच. तीन-चार मिनिटांत उघडतात. उघडल्या त्या लगेच बाहेर काढा, नाहीतर रबर होतील. न उघडलेल्या फेका. कढईतलं पाणी फडक्यातून गाळून घ्या. सगळी चव त्या पाण्यात आहे, आणि मीठही.

दुसरी सवय म्हणजे खोबरं. तिसऱ्यांचं सुकं खोबऱ्याशिवाय होत नाही हे मला मान्य आहे, मी दोन वेळा जेवेन. पण किसलेलं खोबरं पास्त्यात घातलं की ते सगळा रस शोषून बसतं आणि जुळवायला काही उरतच नाही. तेल मात्र निम्मं खोबरेल घेऊन बघा. आमसूलही नको, रंग काळपट होतो. आंबटपणासाठी शेवटी लिंबू. पांढरी वाइन चालत असेल तर तिसऱ्या उघडताना अर्धा कप. गाळलेलं पाणी कढईत परत, त्यात दोन मिनिटं कमी शिजवलेली स्पॅगेटी, गरजेपुरतं पास्त्याचं पाणी, ढवळणं, आणि अगदी शेवटी तिसऱ्या व बारीक चिरलेली कोथिंबीर. चीज नाही. इटलीतही याच्यावर सहसा घालत नाहीत आणि एकदा घालून पाहिल्यावर मला कारण विचारावं लागलं नाही.

चोरीस आमच्या घरात येत नाही, ती मी मित्राच्या घरी शिकलो. वरचं आवरण काढायचं, तेल न घालता मंद आचेवर परतायची, तिची चरबी सुटली की तीन-चार चमचे ठेवून बाकी काढायची, मग पेने आणि पाणी. तिच्यातच व्हिनेगर आणि मीठ भरपूर, वेगळं काही घालू नका.

सोमवारचा शिवराक पास्ता

कांदा-लसूण नसलेल्या दिवशी मिरी आणि चीज. रोममध्ये हा पदार्थ मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनो चीजने करतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी एक बघावं: अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) विरजतात. पाकिटावर हिरवा ठिपका असलेलंच घ्या.

दोन छोटे चमचे मिरी जाडसर कुटून कोरडीच शेकवा, एक डाव पाणी घालून उकळा. १२० ग्रॅम बारीक किसलेलं चीज वाटीत घेऊन कोमट झालेल्या पास्त्याच्या पाण्याने श्रीखंडाइतकं सैल करा. उकळत्या कढईत चीज थेट टाकलं तर त्याचा रबरी गोळा होतो, ताक उकळत्या भांड्यात ओतलं तर फुटतं तसा. पास्ता मिरीच्या पाण्यात हलवून गॅस बंद, पूर्ण एक मिनिट थांबा, मग चीजची पेस्ट आणि जोरात ढवळणं. भीती वाटत असेल तर पहिल्यांदा प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब किसून मिसळा. त्यात मुळातच घट्टपणा सांभाळणारे क्षार असतात, ते बाकीच्यालाही फुटू देत नाहीत. थोडी लबाडी आहे, पण चालते.

मुलांच्या व्हाइट सॉसचं थोडक्यात: ३० ग्रॅम बटर, २५ ग्रॅम मैदा, रंग न बदलता दोन मिनिटं परतून, अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत रवीने घुसळायचं. कढीइतकं पातळ असतानाच थांबा. यात पीठ आधीच आहे, त्यामुळे पास्त्याचं पाणी फक्त सैल करायला.

पंधरा माणसं आणि उरलेला पास्ता

लग्नाच्या हॉलमध्ये लाइव्ह काउंटरवर पास्ता उकडून, गार पाण्याने धुऊन, तेल चोळून परातीत ठेवलेला असतो, आणि रांगेतल्या प्रत्येकाला 'रेड, व्हाइट की पिंक' विचारलं जातं. तीनशे माणसांपुढे त्यांचाही इलाज नसतो. घरी वाढदिवसाला पंधराजण असतील तर असं करा: पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन तृतीयांशच उकडा, न धुता मोठ्या ताटांत पातळ पसरून पंख्याखाली गार करा, चमचाभर तेल हाताने लावा. थोडं तेल लागेल, पण कच्चा असल्याने कढईत तो अजून पाणी पिईल. पास्त्याचं पाणी तपेल्यात राखून गरम ठेवा आणि चार-चार ताटल्यांच्या खेपा जुळवा. पंधरा माणसांचा एकदम ढवळायला जाऊ नका, हात दुखतो आणि खालचा लापशी होतो.

उरलेला डब्यात घालून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्यांचा ठेवू नका. गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा कढई बरी: दोन-तीन चमचे पाणी, झाकण, मंद आच, मग उघडून ढवळणं. टोमॅटोचा असेल तर पाणी न घालता तव्यावर थापून, खालून खरपूस होईपर्यंत न हलवता ठेवा आणि डोशासारखा उलटा. आमच्याकडे सकाळी त्यावरून भांडणं होतात.